शेजारशेजारची दोन मशिनं

विस्तिन झेराफा सकाळी पावणेसहाला चर्चच्या फाटकापाशी हॅट घालून उभा दिसला, तेव्हा डोरिसला आधी वाटलं, ममा काहीतरी घरी विसरली असेल आणि पापा ते द्यायला आले असतील. चष्मा असेल, नाहीतर रक्तदाबाच्या गोळ्या. पण त्याच्या अंगात रविवारचा कोट होता, खांद्याला कारखान्यातली जुनी पिशवी होती, आणि शेजारी तिचा भाऊ चेन्सु उभा राहून लग्नात नवरा सजवून आणल्यासारखा हसत होता.

"पापा येतायत आपल्याबरोबर," चेन्सु म्हणाला. "तिकीट मी काढलं. रिटायर झाल्यापासून नुसते कोबीला पाणी घालत बसतात. म्हटलं, एकदा नदीपलीकडचं मुलवाला गाव दाखवू."

डोरिसने आईकडे पाहिलं. चेत्ताने हातातला पास्तिझींचा, पापुद्र्याच्या करंज्यांचा, डबा घट्ट धरला होता. तिचा चेहरा इतका शांत होता की डोरिस पटकन तिच्या आणि पापांच्या मध्ये येऊन उभी राहिली. सात वर्षांत चेत्ता खोटं बोलायला फार छान शिकली होती, पण ते तोंडाने. चेहऱ्याने तिला अजून जमत नसे.

"तुला तर आवाज सहन होत नाही, विस्तिन," चेत्ता म्हणाली.

"चाळीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात काढली मी. तुझी ती मशिनं किती ओरडणार?" विस्तिन बसमध्ये चढला आणि चढता चढता त्याने पहिल्या सीटच्या गादीवर हात फिरवून नाक मुरडलं. रेल्वेच्या डब्यांतल्या बाकांना गाद्या बसवण्यात त्याचा जन्म गेला होता. दुसऱ्याने केलेली शिवण त्याला आजवर आवडलेली नाही.

आमच्या सेंट ऑल्बन्स उपनगरातल्या माल्टीज मंडळींची ही बस दर ऑक्टोबरात एका शनिवारी निघते. मरे नदीच्या अलीकडे, आमच्या राज्यात, नाणी टाकून पोकी, म्हणजे जुगाराचं मशीन, खेळणं हा गुन्हा आहे आणि पलीकडच्या राज्यात ती करमणूक आहे. त्यामुळे अलीकडची आम्ही सगळी देवभीरू माणसं पहाटे उठून साडेतीन तासांचा प्रवास करतो, पूल ओलांडतो, दिवसभर मशिनांचे दांडे ओढतो आणि संध्याकाळी परत येऊन रविवारच्या मिस्साला वेळेवर हजर राहतो. फादरसुद्धा काही बोलत नाहीत, कारण बसमध्ये चर्चच्या छपराचे पैसे जमवायला आकड्यांची हाउझी खेळली जाते. ती नेना ग्रिमा चालवते. नेनाच्या हातात माईक असतो आणि तिच्या नजरेतून माशीही सुटत नाही.

चेत्ताची ही सातवी खेप. डोरिस सोडून घरी सगळ्यांना वाटे, म्हातारीला पोकीचा नाद लागला. विस्तिन चेष्टा करी, "माझी बायको वर्षातून एकदा जुगारी होते." तीही हसे. पण मुलवाल्याच्या क्लबात, खिडकीजवळच्या रांगेच्या टोकाला, शेजारशेजारच्या दोन मशिनांवर ती आणि तिची थोरली मुलगी तेस्सी बसत. एकमेकींकडे न बघता. नजर फिरत्या चित्रांवर आणि बोलणं हळू आवाजात, कारण पाठीमागे अर्धं सेंट ऑल्बन्स हिंडत असे. चार-पाच तास. मग वर्षभर काही नाही.

तेस्सी सतरा वर्षांपूर्वी, सदुसष्ट साली, घर सोडून गेली. केन नावाच्या माणसाबरोबर. तो घटस्फोटित, वर प्रॉटेस्टंट, वर दोन मुलांचा बाप. विस्तिनने त्या रात्री जेवणाच्या टेबलावर हात ठेवून सांगितलं होतं की या घरात आता तिचं नाव निघणार नाही. आणि ते खरंच निघालं नाही.

बस किल्मोरच्या पुढे गेल्यावर डोरिस उठून चेन्सुच्या शेजारी जाऊन बसली. पुढे नेना माईकवर आकडे ओरडत होती.

"गाढवा," डोरिस म्हणाली. "काय करून बसलास तुला कळतंय का?"

"काय केलं मी? बापाला फिरायला नेतोय. तू कधी नेलंस?"

"तेस्सी येते तिथे."

चेन्सुच्या हातातली पेन्सिल थांबली. "कोण?"

"हळू बोल. तेस्सी. आपली. ममा दरवर्षी तिलाच भेटायला जाते. मी जमवून दिलंय सगळं."

पुढचे तीन आकडे चेन्सुने खोडले नाहीत. ती गेली तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. त्याला गिअरची सायकल चालवायला तेस्सीने शिकवलं होतं, आणि ती गेल्यावर त्याने बापाच्या भीतीने कधी तिचं नाव काढलं नव्हतं. त्याला वाटे, घरातली सगळी तिला विसरली आणि आपण एकटेच तेवढे विसरलो नाही.

"सात वर्षं?" तो म्हणाला. "सात वर्षं तुम्ही दोघी भेटताय तिला, आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

"तू पापांचा लाडका. तुझ्या तोंडाची खात्री कोण देणार?"

"म्हणजे मी चहाडखोर."

"तसं नाही रे."

"तसंच आहे." तो खिडकीकडे वळला. कान लाल झाले होते. डोरिसला वाटलं, आता हा उठेल आणि सरळ बापाला जाऊन सांगेल. पण तो खिडकीकडे बघतच म्हणाला, "कशी दिसते?"

"तुझ्यासारखं नाक आहे अजून. ऐक. महिनाअखेरीला ती पर्थला चाललीय. केनला तिकडे काम मिळालं. म्हणजे पुढच्या वर्षी ती नसणार. ममाची ही शेवटची भेट आहे, कळलं?"

चेन्सुने पेन्सिल खिशात टाकली. मग म्हणाला, "क्लबाच्या मागे बोलिंगचं मैदान आहे ना? पापांना तिकडे नेतो. हिरवळ बघितली की ते खूश होतात. जेवणापर्यंत धरून ठेवतो. पुढचं तुम्ही बघा."

"अल्बी, माझ्या काळजा," डोरिस म्हणाली आणि तिने त्याचा लाल कान ओढला.

*

क्लबात शिरताना पाहुण्यांच्या वहीत सही करावी लागते. चेत्ताने आपलं नाव लिहिलं आणि मान वर केली, तर नेना समोर.

"काय गं, आज नवऱ्याला आणलंस? मग पैसे त्याच्याच खिशातले घाल हो. आणि बाराला जेवण. मी डोकी मोजणार. मागच्या वर्षी तुझ्यापायी सूप गार झालं."

"येते बाई वेळेवर," चेत्ता म्हणाली. काचेतून तिला मैदानाकडे जाणारी चेन्सुची पाठ आणि विस्तिनची हॅट दिसली. दोन्ही दिसेनाशी होईपर्यंत ती थांबली. मग जवळजवळ धावत गेली.

टोकाच्या मशिनावर तेस्सी बसली होती. शेजारची खुर्ची तिने नेहमीसारखी तिरकी करून, पाठ मशिनाला टेकवून ठेवली होती. क्लबात त्याचा अर्थ एकच: ही जागा कुणाचीतरी आहे, बसू नका. त्या खुर्चीला कुणी हात लावत नाही, मग माणूस तासभर का परत येईना.

चेत्ताने खुर्ची सरळ केली, बसली, नाणं टाकलं, दांडा ओढला.

"पापा आलेत," ती म्हणाली.

तेस्सीचा हात दांड्यावरच राहिला. "कुठे?"

"मागच्या मैदानावर. चेन्सुने धरून ठेवलंय. वळू नकोस. खेळत राहा."

दोघी खेळत राहिल्या. चेरी, घंटा, पुन्हा चेरी. तेस्सीच्या मशिनातून चार नाणी पडली. ती तिने उचलली नाहीत.

"मी जाऊ का, ममा?"

"खबरदार. तीनशे पासष्ट दिवस मोजले मी." चेत्ताने डबा दोघींच्या मधल्या फटीत सरकवला. "खा. रिकोटा चीजच्या आहेत. वाटाण्याच्या खालच्या थरात."

तेस्सीने एक पास्तिझी उचलली आणि खाताना तिच्या कोटावर पापुद्रे सांडले. चेत्ता ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होती. लहानपणीही ही अशीच सांडायची. तेव्हा ओरडा बसायचा. आता ते पापुद्रे झटकावेत, हनुवटी पुसावी, तोंड दोन्ही हातांत धरून नीट बघावं, असं तिला इतकं वाटलं की तिने दोन नाणी एकदमच मशिनात कोंबली.

"पर्थला पोचायला किती दिवस लागतात?"

"गाडीने पाच. केन म्हणतो, विमानाने नंतर तुला बोलावू."

"मी विमानात बसेन होय? आणि घरी काय सांगेन, पर्थला पोकी खेळायला चालले?"

तेस्सी हसली. मग तिचं हसू गेलं. "तू सांगून टाक ना एकदा त्यांना."

"जायच्या आधी घरी ये. एकदा. मी दार उघडते, पुढचं पुढे."

"तू उघडशील गं. पण ते पाठ फिरवतील आणि मी बूट काढायच्या आत परत निघेन. पापांनी ये म्हटलं तर येईन मी. अगदी चालत येईन. त्यांनी म्हटल्याशिवाय नाही."

चेत्ताने आणखी एक नाणं टाकलं. सतरा वर्षं एकाच अंथरुणात झोपूनही तिने हा विषय त्याच्यापाशी एकदाही काढला नव्हता. आधी भीतीने, मग सवयीने. त्याची तिला आज लाज वाटली.

बाराला पाच कमी असताना डोरिस आली. "ममा, चल. नेना मोजायला लागली. तू दिसली नाहीस तर ती शोधत इथे येईल. मी पुढे होते, तू ये पाठोपाठ."

चेत्ता उठली. खुर्ची तिरकी करून मशिनाला टेकवली. "बसून राहा," ती तेस्सीला म्हणाली. "सूप पिते आणि आलेच."

*

ऊन लागतं म्हणून विस्तिन मैदानावरून निघाला. चेन्सु त्याच्यासाठी बिअर आणायला गेला होता. तेवढीच त्याची चूक. बापाला तेवढी पाच मिनिटं पुरली.

तेस्सीला ते मागून कळलं. कसं, ते तिला कधी सांगता आलं नाही. पावलांवरून म्हणा, नाहीतर त्या कापूर घातलेल्या कोटाच्या वासावरून. विस्तिन जागा शोधत रांगेतून येत होता. सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या आणि एक रिकामी खुर्ची कुणीतरी निष्काळजीपणाने तिरकी पाडून ठेवली होती. आयुष्यभर बाकं नीट लावणारा माणूस. त्याने ती दोन्ही हातांनी सरळ केली, गादीवर थाप मारली आणि बसला.

"ओ साहेब," पलीकडून एक टक्कल पडलेला माणूस म्हणाला. "ती जागा घेतलेली आहे. खुर्ची दिसली नाही का कशी होती?"

विस्तिन गोंधळला. "रिकामीच होती."

"असू दे," तेस्सी इंग्रजीत म्हणाली. "बसू द्या त्यांना."

तो आवाजाकडे वळला.

तेस्सी मशिनाकडे बघत राहिली. तिला फक्त त्याचे हात दिसत होते. डाव्या अंगठ्याचं नख वाकडं होतं, दाभण घुसल्यापासूनचं. त्या हातांत वीस सेंटचं एक नाणं होतं. ते मशिनाच्या फटीपर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. मिनिटभर तरी. आजूबाजूला घंटा वाजत होत्या, कुणी ओरडत होतं, कुणाला काही लागलं होतं.

"हे कसं चालतं?" त्याने विचारलं. माल्टीजमध्ये.

"नाणं टाका," ती म्हणाली. "मग दांडा ओढा, पापा."

त्याने नाणं टाकलं. दांडा ओढला. चित्रं फिरली आणि थांबली. काही लागलं नाही. तो त्या चित्रांकडेच बघत म्हणाला, "तुझी आई इथे बसते?"

"हो."

"दरवर्षी?"

"सात वर्षं झाली."

"सात." त्याने मान हलवली. "मला वाटायचं, पैसे हरूनही ही इतकी हसत घरी कशी येते. आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर रडवेली का असते."

तिला खूप काही बोलायचं होतं. सतरा वर्षं ती हे बोलणं मनात घोकत आली होती. भांडण तयार होतं, माफी तयार होती, दोन्ही. पण प्रत्यक्षात ती एवढंच म्हणाली, "पास्तिझी घ्या. रिकोटाच्या आहेत."

विस्तिनने तिच्याकडे पाहिलं. पूर्ण वळून, नीट, तोंडापासून बुटांपर्यंत, जसा तो पूर्वी शाळेच्या पहिल्या दिवशी बघायचा. मग तो उठला. पलीकडच्या टकल्या माणसाकडे एकदा बघून त्याने खुर्ची होती तशी तिरकी केली आणि पाठ मशिनाला टेकवली. एकदा घसरली, म्हणून पुन्हा टेकवली.

"तिची जागा आहे," तो म्हणाला आणि निघून गेला.

*

चेन्सुला तो बसमध्ये सापडला. ड्रायव्हरने दार उघडं ठेवलं होतं. आत भट्टी झाली होती आणि विस्तिन कोट न काढता बसला होता.

"पापा, जेवायला चला. लॅम्ब रोस्ट आहे."

"तुला माहीत होतं?"

चेन्सुने उगीच मागे बघितलं. "आज सकाळी कळलं. आईशप्पथ."

"म्हणजे आपण दोघेच येडे."

"हो," चेन्सु म्हणाला आणि त्याच्या शेजारी बसला. "मला राग आला होता आधी. तुमचा पण आला. तिच्याशी बोलायला मलासुद्धा आवडलं असतं इतकी वर्षं."

विस्तिनने हॅट काढून गुडघ्यावर ठेवली. "मग इथे काय करतोस? जा की. तीन तास आहेत अजून."

"आणि तुम्ही?"

"मला बसमध्ये बरं वाटतं. जा म्हटलं ना."

*

चेत्ताने सूप अर्धं टाकलं होतं. परत आली तर तेस्सी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती, तिचं मशीन बंद पडल्यासारखं गप्प होतं आणि ती उघड उघड रडत होती. तुटक तुटक चार वाक्यांत तिने सगळं सांगितलं. चेत्ताचं एक पाऊल दाराकडे वळलं. तो एकटा उन्हात बसमध्ये बसला असेल, त्याला सूपसुद्धा मिळालं नसेल, हे तिला कळत होतं. आणि इथे ही.

"तिची जागा आहे म्हणाले," तेस्सी म्हणाली. "खुर्ची तशीच ठेवली बघ त्यांनी."

चेत्ता बसली. मशिनाकडे तोंड करून नव्हे, मुलीकडे तोंड करून. तिने तेस्सीचे दोन्ही हात धरले. मग पापुद्रे झटकले. मग पदराने पुसावं तसं कोटाच्या बाहीने तिचं तोंड पुसलं.

"मादोन्ना," मागून आवाज आला. हातात कॉफीचा कप घेऊन नेना ग्रिमा उभी होती. "ही आपली तेस्सी ना?"

"हो, आपली," चेत्ता म्हणाली. "नीट बघून घे, नेना. सांगताना चुकायला नको."

नेना दोन पावलं मागे सरली, मग काय वाटलं कोण जाणे, पुढे येऊन तिने तेस्सीच्या गालाला हात लावला आणि गेली. पाठोपाठ चेन्सु आला. तो आधी हात पुढे करून उभा राहिला, जसं बँकेतल्या साहेबाला भेटतात, आणि मग बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडला. पाठीमागून आलेली डोरिस म्हणाली, "बघा, हा बत्तीस वर्षांचा घोडा." त्या दुपारी चौघांपैकी कुणीही एक नाणं टाकलं नाही.

चारला बस सुटायची होती. तेस्सी दारापर्यंत आली, पार्किंगमध्ये आली नाही. "पापांनी म्हटलं तरच," ती आईच्या कानात म्हणाली. "नुसतं बघितलं म्हणजे म्हटलं नव्हे."

*

विस्तिन खिडकीपाशी होता. चेत्ता त्याच्या शेजारी बसली. बसने पूल ओलांडला. हाउझी झाली नाही. नेनाने माईक हातात घेतला आणि परत ठेवून दिला. मागच्या सीटवर डोरिस आणि चेन्सु झोपेचं सोंग घेऊन बसले होते.

बेनॅला गाव मागे गेलं तेव्हा चेत्ताने तोंड उघडलं.

"महिनाअखेरीला ते पर्थला जातायत. ती म्हणते, तू ये म्हणालास तर येईल घरी. मी म्हणून चालणार नाही."

बाहेर मेंढ्या होत्या, तारा होत्या, गवत होतं. चेत्ताने ठरवलं, आता विचारायचं ते विचारून झालं. नाही म्हणाला तर ती स्वतः जाईल, स्टेशनवर, पर्थला, कुठेही, आणि सांगून जाईल. तिने हातमोजे काढले आणि पुन्हा घातले.

"रविवारी येऊ दे," विस्तिन म्हणाला. "उद्याच्या नको. त्या पुढच्या. उद्या घर आवरलेलं नाही."

चेत्ताचा कानांवर विश्वास बसेना. "आणि केन?"

"तो काय गाडीत बसून राहणार? त्यालाही येऊ दे. मला त्याच्याशी बोलायला लावू नकोस एवढंच. फोन मी करेन. नंबर आहे का तुझ्याकडे?"

"डोरिसकडे आहे."

"डोरिसकडे. वा." मागच्या सीटवर सोंग घेतलेली डोरिस जराशी खाली सरकली.

त्याने चेत्ताचा हात धरला नाही. तो तसा माणूस नव्हता. पण तिचा कोपर त्याच्या कोपराला लागला होता आणि तो त्याने काढून घेतला नाही. असेच दहा-बारा मैल गेले. चेत्ता मनातल्या मनात रविवारचं जेवण लावत होती. मॅकरोनीची तिंपाना करावी, की ससा आणावा. तेस्सीला ससा आवडायचा.

"चेत्ता."

"काय रे?"

"तिचे केस कधी पिकले?"

चेत्ता त्याच्याकडे वळली. तो काचेतून बाहेरच बघत होता.

"दरवर्षी थोडे थोडे," ती म्हणाली.

विस्तिनने मान हलवली.

"मला एकदम दिसले," तो म्हणाला.